सही कुठं करू?

बँकेच्या काउंटरमागं बसून नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, लोक सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात. ‘बॅलन्स किती आहे’ हा दुसरा नंबर. पहिला नंबर ‘सही कुठं करू?’चा. कशावर सही करतोय हे विचारणारा माणूस महिन्यातून एखादा भेटायचा आणि तो आला की मागची रांग चुळबुळ करायला लागायची.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत होते. १९८६ साली लागले तेव्हा पितळी टोकन आणि जाडजूड लेजरं होती, २०२१ला निवृत्त झाले तेव्हा म्हाताऱ्यांच्या हातातही स्मार्टफोन होते. या एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. अंगठा लावणारी माणसं जास्त चौकशी करायची. ‘काय लिवलंय ते वाच पोरी आधी,’ असं म्हणून शाई लावलेला अंगठा हवेत धरून बसायची. आणि पदवीधर माणूस खिशातून पेन काढून, पेन्सिलनं फुल्या मारलेल्या जागी सटासट सह्या करून, ‘झालं ना मॅडम?’ म्हणून गाडीला किक मारायचा.

मला वाटतं, हे शाळेनंच शिकवलेलं आहे. पंधरा-सोळा वर्षं आपण ज्या जागेत बसतो तिथं प्रश्न बाई विचारतात आणि उत्तर आपण देतो. उलटा प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हसू येतं. मग सवयच लागते, की कळलं नाही तरी मान हलवायची. बँकेत, दवाखान्यात, मोटारसायकलच्या शोरूममध्ये, सगळीकडं आपण तीच मान हलवत असतो.

एक गुरुजी आठवतात. प्राथमिक शाळेत होते, गणित उत्तम शिकवायचे, अशी त्यांची ख्याती. त्यांचा पगार आमच्याकडं जमा व्हायचा. एका महिन्यापासून तो कमी यायला लागला. गुरुजी पासबुक घेऊन आले. म्हणाले, बँकेनं काहीतरी घोळ घातलाय. घोळ बँकेचा नव्हता. पगारच कापून येत होता. भाच्यानं एका पतसंस्थेतून धंद्यासाठी कर्ज काढलेलं, धंदा बुडाला, भाचा पुण्याला की आणखी कुठं गेलेला, आणि गुरुजी जामीनदार.

‘पण कर्ज त्यानं घेतलंय,’ गुरुजी म्हणाले. ‘मी फक्त सही केली. आधी त्याच्याकडून वसूल करू देत. त्याच्याकडं नाहीच निघालं, तर मग माझ्याकडं यावं.’

हा समज इतका पक्का असतो, की तो समज आहे हेच लोकांना पटत नाही. भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या १२८व्या कलमात लिहिलंय की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदार आणि मग जामीनदार अशी रांग कायद्यात नाही. संस्था ज्याच्याकडून पैसे सहज मिळतील त्याच्याकडं आधी जाते आणि दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार होणारा शिक्षक म्हणजे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. त्यातून पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुली दाखला मिळतो. आमच्याकडं लोक नुसतं ‘एकशेएक झालं’ म्हणतात. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही. आणि पगारातून कपात करायला माझी हरकत नाही, असं पत्रही कर्जाच्या त्याच गठ्ठ्यात होतं. गुरुजींच्या सहीचं.

जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायदा देतो, कलम १४५. मी गुरुजींना ते सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे बहिणीच्या पोरावर दावा लावू?’ त्यावर मी काय बोलणार? निवृत्त होईपर्यंत त्यांचे हप्ते चालू होते.

सातवी-आठवीच्या पोरांना सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज शिकवणारा माणूस. मुद्दल, मुदत, दर, सगळं तोंडपाठ. फक्त ज्या कागदावर सही केली त्या कागदात काय आहे, हे वाचायची वेळ त्यांच्या शिक्षणात कधी आलीच नव्हती.

आता पुस्तकांत काहीच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. नात्यातली एक मुलगी दहावीला होती तेव्हा मी तिची पुस्तकं चाळली. गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरणच आहे. जीएसटी आहे, शेअर्स आहेत, म्युच्युअल फंड आहे. नववीच्या पुस्तकात बचत, गुंतवणूक आणि आयकर आहे. चांगलं काम आहे, मी नाव ठेवणार नाही. पण सोळाव्या वर्षी शेअरचं दर्शनी मूल्य शिकलेली मुलगी बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा सही करते ती शेअरच्या कागदावर नव्हे, तर मोबाईलच्या किंवा गाडीच्या हप्त्याच्या कागदावर. हप्त्याचा कागद त्या प्रकरणात मला दिसला नाही.

म्हणून हप्त्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात पदवीधर पोरं रोज फसतात आणि त्यात बेकायदेशीर काहीही नसतं.

समजा गाडीसाठी ९०,००० रुपये कर्ज घेतलं, ३ वर्षांसाठी. शोरूममधला पोरगा सांगतो, ‘सर, फक्त १० टक्के फ्लॅट.’ सर हिशोब करतात. नव्वद हजाराचे १० टक्के म्हणजे नऊ हजार, तीन वर्षांचे २७,०००. एकूण १,१७,०००, भागिले ३६, हप्ता ३,२५०. शाळेत शिकलेलं सरळव्याज अगदी बरोबर बसतं, म्हणून सर खूश. पण नव्वद हजार तुमच्याकडं तीन वर्षं असतात कुठं? पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल परत करायला लागलेले असता. दीड वर्षानं जवळपास निम्मं मुद्दल फिटलेलं असतं आणि व्याज मात्र अजून पूर्ण नव्वद हजारांवर चालू. तेच कर्ज घटत्या शिलकेवर, म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज धरून, १० टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण २,९०० रुपये येतो आणि तीन वर्षांचं व्याज होतं साडेचौदा हजारांच्या आसपास. सत्तावीस हजार कुठं आणि साडेचौदा हजार कुठं! फ्लॅट १० टक्के म्हणजे घटत्या शिलकेच्या हिशोबात जवळपास १८ टक्के. या शिवाय प्रोसेसिंग फी, विमा आणि ‘फाईल चार्जेस’ वेगळे.

यावर एक बरी सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ (रिटेल) कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलंय. एक छोटा तक्ता असतो. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते लिहावं लागतं आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत ते द्यावं लागतं. म्हणजे मराठीत मागता येतं. आपण मागत नाही, ही गोष्ट वेगळी. माझ्याकडं कुणी पोरगं कर्जाचं विचारायला आलं की मी एवढंच सांगते, हप्ता किती हे विचारू नकोस, तो तक्ता दाखवा म्हण आणि त्यातल्या वार्षिक टक्क्यावर बोट ठेव.

पासबुक वाचणं हीसुद्धा वेगळीच विद्या आहे. लोक पासबुक भरून घेतात आणि फक्त शेवटचा आकडा बघतात. मधे काय काय कापलं गेलंय ते कुणी बघत नाही.

गवंडीकाम करणाऱ्या माणसाची बायको आली होती, नवरा वारल्यावर खातं बंद करायला. खात्यात दोन-अडीच हजार रुपये असतील. तिला ते काढून विषय संपवायचा होता, कारण प्रत्येक खेपेला मजुरी बुडत होती. मी सवयीनं पासबुकाची मागची पानं उलटली. मे महिन्याच्या शेवटी ३३० रुपये कापलेले. आदल्या वर्षीही कापलेले. कापल्यापुढं इंग्रजी अक्षरांचा एक गुंता छापलेला, जो तिला वाचता येणं शक्य नव्हतं आणि तिच्या बारावी झालेल्या पोरालाही त्याचा अर्थ लागला नव्हता. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना होती. २०१५ साली ती आली तेव्हा आम्ही खातेदारांकडून भराभर फॉर्म भरून घेतले होते आणि त्यांनी, अर्थातच, फुलीवर सह्या केल्या होत्या. वर्षाला ३३० रुपये, मृत्यू कशानंही झाला तरी वारसाला २ लाख. २०२२पासून हा हप्ता ४३६ झालाय. दुसरी एक अपघाताची योजना आहे, सुरक्षा विमा. तिचा हप्ता आधी १२ होता, आता २० रुपये. अपघाती मृत्यू असेल तर तिचेही २ लाख.

त्या बाईला क्लेम फॉर्म दिला, मृत्यूचा दाखला जोडला, पुढं रीतसर पैसे जमा झाले. मी काही उपकार केले नाहीत, माझं कामच होतं ते. पण त्या दिवशी काउंटरवर गर्दी जास्त असती, किंवा माझ्या जागी नवीन बदलून आलेला कुणी असता, तर खातं बंद झालं असतं आणि ते दोन लाख तिथंच राहिले असते. विमा काढणाऱ्याला विमा काढलाय हे माहीत नव्हतं, मग त्याच्या बायकोला कुठून असणार?

तर घरातलं कुणी गेलं असेल, तर खातं बंद करायच्या आधी मागच्या वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी बघा. मे-जूनच्या आसपास ४३६ किंवा २० रुपये गेलेले दिसले तर बँकेत स्पष्ट शब्दांत विचारा. जीवनज्योतीचं संरक्षण ५५व्या वर्षापर्यंत असतं, सुरक्षा विम्याचं ७०पर्यंत. आणि आपण जिवंत असतानाच बायकोला, मुलांना सांगून ठेवा की हे हे कापलं जातं आणि ते यासाठी कापलं जातं. आमच्याकडं नवरे हे सांगत नाहीत. अपशकुन वाटतो म्हणे.

नॉमिनीबद्दलही असाच एक गैरसमज घरोघर आहे. नॉमिनी म्हणजे मालक, असं लोक धरून चालतात. बँकेतल्या ठेवीपुरतं बोलायचं तर नॉमिनी पैसे स्वीकारायचा हक्कदार असतो. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते. ते पैसे शेवटी वारसांचे, म्हणजे मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे आणि नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. पण हे कागदावर. प्रत्यक्षात काय होतं? पोरगा नोकरीला लागतो, लग्नाआधी खातं उघडतो, नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचं नाव घालतो. मग लग्न होतं, मुलं होतात, नॉमिनी बदलायचं राहून जातं. तो गेल्यावर बायको काउंटरवर उभी असते आणि कॉम्प्युटरवर दिराचं नाव. दीर सज्जन असेल तर ठीक. नसेल तर तिला आपला हक्क सिद्ध करायला कोर्टाची पायरी. अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना काउंटरवरून नियम सांगताना जीभ जड व्हायची.

नाव बदलायला एक फॉर्म लागतो, बस. नोव्हेंबर २०२५पासून तर खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. लग्न झालं, मूल झालं, नॉमिनी वारला, की बँकेत एक चक्कर मारायची. लग्नाच्या याद्यांमध्ये आचारी, मंडप, घोडा, सगळं असतं. त्यात ही एक ओळ वाढवायला काय जातंय?

पतसंस्थेतल्या ठेवीबद्दल थोडक्यात. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, मुद्दल आणि व्याज धरून. ही मर्यादा फेब्रुवारी २०२०पासूनची आहे, त्याआधी १ लाख होती. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून निवृत्तीचे सगळे पैसे एकाच संस्थेत ठेवणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यातले काही स्वतः हेडमास्तर होते.

आता पोच. यावर माझा विशेष जीव आहे. शाळेत पत्रलेखन असतं. उजव्या की डाव्या कोपऱ्यात पत्ता, ‘माननीय महोदय’, विषय, ‘आपला विश्वासू’, पाच गुण. पण अर्जाची दुसरी प्रत काढायची आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा, हे कुणी शिकवत नाही. त्या शिक्क्याशिवाय अर्ज दिला काय आणि नदीत सोडला काय, सारखंच. ‘मी तोंडी सांगितलं होतं, त्या साहेबांनी हो म्हटलं होतं’ हे वाक्य घेऊन येणाऱ्या माणसाला मी काहीही मदत करू शकत नसे, कारण ते साहेब बदलून गेलेले असत. तेच पोच घेऊन आलेला माणूस दिसला की मॅनेजरसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे. खोटं नाही सांगत.

बँकेची तक्रार असेल तर आधी बँकेकडं लेखी, मग ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, तेही फुकट. पण ते ३० दिवस मोजणार कुठून? पोचेवरच्या तारखेपासूनच ना! सरकारी दाखल्यांचंही तेच. महाराष्ट्रात २०१५पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच देणं बंधनकारक आहे, काम किती दिवसांत होणार तेही कळायला हवं. ‘पोच कशाला, विश्वास नाही का आमच्यावर?’ असं खिडकीतून कुणी म्हणालंच तर हसून म्हणायचं, ‘तसं नाही साहेब, घरी दाखवायला लागते.’ हे वाक्य मी बऱ्याच जणांना शिकवलंय, चालतं.

मोबाईलवरच्या फसवणुकीबद्दल सगळीकडं इतकं लिहून येतं की मी भर घालत नाही. एवढंच की पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. आणि गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, कारण तिथं मिनिटांचा खेळ असतो.

हे सगळं एकवेळ शिकवता येईल. तक्ता बघणं, पासबुक वाचणं, पोच घेणं, दोन रविवारचं काम आहे. मी शेजारच्या पोरांना शिकवतेही. जे शिकवता येत नाही ते म्हणजे आपल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं. गुरुजींना समजा त्या दिवशी कलम १२८ पाठ असतं, तरी बहीण दारात येऊन ‘दादा, तुझ्याशिवाय कोण आहे’ म्हणाली असती तर त्यांनी काय केलं असतं? मला वाटतं, सही केली असती.

आमच्या घरातही ही वेळ आली. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि जामीनदार हवा होता. हे सरकारी नोकरीत, मी बँकेत. आमच्याइतका पक्का जामीनदार त्यांना तालुक्यात मिळाला नसता. चहा झाला, विषय निघाला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, की गोलगोल बोलायचं नाही, ‘बघू’ म्हणायचं नाही, नियमात बसत नाही अशी थापही मारायची नाही. मी म्हटलं, ‘भाऊजी, आम्ही दोघंही कुणाला जामीन राहत नाही. तुम्हालाच असं नाही, माझ्या भावालाही राहिले नाही. पण डाउन पेमेंटला पन्नास हजार आमच्याकडून घ्या. जमेल तेव्हा द्या.’

रक्कम मी विचार करून काढली होती. परत आली नाही तर आम्ही दोन दिवस हळहळू, पण झोप उडणार नाही, अशी. जामिनाच्या सहीला अशी मर्यादा सहसा नसते.

भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, बँकेतली माणसं तुम्ही. तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही जायचं कुठं?’ पैसे न घेता उठले. पुढची दिवाळी आमच्याकडं केली नाही, सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. भाऊजींना गावातला एक मित्र जामीनदार मिळाला. आणि गंमत अशी, की भाऊजींनी ते कर्ज एकही हप्ता न चुकवता पूर्ण फेडलं. फेडल्यावर ‘नो ड्यूज’चा दाखला मुद्दाम आणून मला दाखवला.

मी तो नीट वाचला. सही आणि शिक्का बघितला, आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा उतरवून घेतलात का म्हणून विचारलं. घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आरटीओत जाऊन ते काम करून आले. आज कुणी जामिनासाठी आलं तरी मी पुन्हा नाहीच म्हणेन आणि हे भाऊजींनाही माहीत आहे.